सोन्याच्या डबीत सूर्याची पारख

भट्टीवर काम केलेला माणूस आपल्या वस्तीत शोधायला फार लांब जावे लागत नाही. ओतशाळा असो, रेल्वेचा कारखाना असो की वीटभट्टी, त्याला एकच प्रश्न विचारून पाहा : भट्टीचे दार उघडले की आधी काय होते? तो सांगेल, आधी तोंडावर झळ बसते. आजूबाजूची हवा तापायला वेळ लागतो. झळ मात्र दार उघडल्याक्षणी बसते, आणि कोणी मध्ये पत्रा धरला की त्याच क्षणी थांबते. म्हणजे ही झळ हवेवर स्वार होऊन येत नाही, ती प्रकाशासारखी सरळ येते. खरे म्हणजे तो प्रकाशच होय, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. शास्त्रीय मराठीत त्याला ‘प्रारण’ म्हणतात. आपण या लेखात सोयीसाठी झळ किंवा प्रकाश असेच म्हणू.

या झळीचा हिशेब मोठा कडक आहे. वस्तूचे तापमान दुप्पट झाले की झळ दुप्पट होत नाही, सोळापट होते. तिप्पट झाले की एक्क्याऐंशीपट. (हे तापमान आपल्या नेहमीच्या शून्यापासून नव्हे, तर उणे २७३ अंशांपासून मोजायचे असते.) म्हणूनच चहाच्या किटलीची झळ फारशी जाणवत नाही आणि रसरशीत लोखंडाजवळ उभे राहवत नाही. मग जिथे तापमान लाखो अंश असते तिथे काय होत असेल? तिथे उष्णता वाहून नेण्याचे मोठे काम ही झळच करते. आणि इतका तापलेला पदार्थ घन, द्रव किंवा वायू राहत नाही. अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरू लागतात. या चौथ्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज हा प्लाझ्माच, वेल्डिंगची ठिणगी ज्या लखलखाटातून उडते तोही प्लाझ्माच. पण आज आपण ज्याच्याविषयी बोलणार आहोत त्या प्लाझ्मापुढे वेल्डिंग म्हणजे मेणबत्ती. त्यात दाब आपल्या हवेच्या दाबाच्या दहा लाख पटींहून अधिक असतो.

अशा पदार्थाच्या पोटातून झळ पुढे कशी सरकते? किती वेगाने? कुठे अडते? हे तपासण्यासाठी आज जगातले सर्वांत मोठे लेसर कामाला लावलेले आहेत. या उठाठेवीशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर वाचकहो, संबंध रोज सकाळी उगवणाऱ्या सूर्याशी आहे. आणि या कामाच्या मुळाशी एक असा माणूस आहे, की ज्याला त्याच्या जातीमुळे वसतिगृहात पंक्तीला बसू दिले गेले नव्हते. त्याची गोष्ट पुढे येईलच.

घमेल्यांची रांग

स्लॅब टाकण्याच्या दिवसाचे दृश्य आठवा. खालपासून वरपर्यंत बाया-माणसे उभी असतात आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जातात. आता कल्पना करा, की या सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आहे. हातात घमेले आले की ते कोणत्या बाजूला द्यायचे हे त्यांना कळत नाही. कोणी वर देतो, कोणी खाली, कोणी शेजारी. तरीही घमेली शेवटी वर पोहोचतात, कारण खाली त्यांचा ढीग आहे आणि वर मोकळी जागा आहे. पण किती उशिराने!

तापलेल्या प्लाझ्मातून प्रकाश असाच जातो. अणू त्याला गिळतो आणि भलत्याच दिशेला पुन्हा सोडून देतो, पुढचा अणू पुन्हा गिळतो. माणसे दाटीने उभी असली की घमेले जास्त हातांत अडकते, विरळ असली की लांब फेकता येते. पदार्थाच्या या अडवणुकीला अपारदर्शकता म्हणतात. सगळी मेख तिच्यातच आहे.

सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश आहे. गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंतचे अंतर सुमारे ७ लाख किलोमीटर. वाटेत काही नसते तर प्रकाशाने ते अडीच सेकंदांच्या आत कापले असते. पण सूर्याचा पदार्थ प्रकाशाला एक वीतभरही सरळ जाऊ देत नाही. त्यामुळे गाभ्यात निर्माण झालेल्या ऊर्जेला बाहेर यायला हजारो वर्षे लागतात. काही हिशेबांप्रमाणे लाखाहून अधिक. तेथून आपल्या अंगणात यायला मात्र फक्त ८ मिनिटे २० सेकंद! म्हणजे आज सकाळी दोरीवरचे कपडे ज्या उन्हाने वाळवले, त्याची ऊर्जा माणूस शेती करायला शिकण्याच्याही आधी सूर्याच्या पोटात तयार झालेली असू शकते.

सूर्याच्या अंतरापैकी आतल्या सुमारे ७० टक्के भागात ही घमेल्यांची रांग चालते. त्यापुढे मात्र अडवणूक इतकी वाढते की झळीला रेटवत नाही. मग तापलेला पदार्थच उकळत्या आधणासारखा वर येतो आणि निवून खाली जातो. हा बदल नेमका कुठे होतो ते अपारदर्शकतेवरच ठरते. तारा किती तेजाने जळेल आणि किती वर्षे जगेल हेही बरेचसे तिच्यावरच ठरते.

लोखंडाने घातलेला घोळ

मडके विकत घेताना आपण टिचकी मारून पाहतो. आवाजावरून आत तडा आहे की नाही ते कळते. सूर्यालाही अशी टिचकी लागलेलीच असते. त्याचा पृष्ठभाग सतत थरथरतो, सुमारे पाच मिनिटांच्या ठेक्यात. या थरथरीचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी सूर्याच्या पोटातली ती सीमा अचूक शोधून काढली. दुसरीकडे कागदावर गणिताने सूर्य रचूनही तीच सीमा काढता येते. बरीच वर्षे दोन्ही उत्तरे छान जुळत होती.

इ. स. २००० नंतरच्या काही वर्षांत सूर्यात ऑक्सिजन, कार्बन यांसारखी मूलद्रव्ये किती आहेत याची नव्याने मोजदाद झाली. ती पूर्वीच्या समजुतीपेक्षा कमी निघाली. नवे आकडे गणितात घातले आणि जुळलेले उत्तर बिघडले! कागदावरचा सूर्य एक सांगू लागला आणि थरथरणारा सूर्य दुसरेच. दोन शक्यता होत्या. एक तर नवी मोजदाद चूक, किंवा मूलद्रव्ये प्रकाशाला किती अडवतात याचे जे तक्ते सगळे डोळे मिटून वापरत होते, ते चूक.

संशय लोखंडावर गेला. सूर्यात लोखंड फार नाही. एक लाख हायड्रोजन अणूंमागे जेमतेम तीन लोखंडाचे. तरी त्या सीमेजवळ एकूण अडवणुकीतला जवळपास चौथा हिस्सा एकट्या लोखंडाचा असतो. याचे कारण सोपे आहे. हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन, तो सुटला की प्रकाश धरायला हातच उरत नाही. लोखंडाजवळ २६ इलेक्ट्रॉन. वीस लाख अंशांतही त्याचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, काही चिकटून राहतात आणि तेच येणारे क्ष-किरण पकडतात.

आता किती सुटले आणि किती उरले हे कसे कळायचे? इथे आपल्याला बंगालमध्ये जावे लागेल.

वाण्याच्या दुकानातून ताऱ्यांकडे

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ यांचे लहानसे किराणा दुकान. घरची गरिबी आणि जात समाजाने खालची ठरवलेली. पुढच्या शाळेसाठी मुलाला गावाबाहेर ठेवणे घरच्यांना परवडणारे नव्हते. अनंतकुमार दास नावाच्या एका डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले म्हणून शिक्षण सुटले नाही. पुढे बंगालच्या फाळणीच्या चळवळीत गव्हर्नरच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. त्यात भाग घेतला म्हणून साहांना शाळेतून काढले आणि शिष्यवृत्तीही गेली. तरी ते १९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचले. तेथे ईडन हिंदू वसतिगृहात वरच्या जातींच्या मुलांनी त्यांच्याबरोबर एका जेवणघरात बसायला नकार दिला. सरस्वतीपूजेच्या मंडपातही त्यांना मज्जाव झाला. विद्येच्या देवतेच्या पूजेला विद्यार्थीच नको! या अनुभवाची कळ आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

याच तरुणाने १९२० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, एक समीकरण मांडले. तापमान आणि दाब ठाऊक असला तर कोणत्याही मूलद्रव्याच्या किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील ते या समीकरणाने काढता येते. त्याआधी ताऱ्यांच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा पाहून शास्त्रज्ञ चक्रावत असत. या ताऱ्यात अमुक मूलद्रव्याच्या रेषा दिसतात, त्या ताऱ्यात दिसत नाहीत, म्हणजे तिथे ते मूलद्रव्य नाहीच काय? साहांनी दाखवले की मूलद्रव्य असतेच, पण तापमान वेगळे म्हणून त्याचे इलेक्ट्रॉन कमी-जास्त सुटलेले असतात आणि रेषा बदलतात. रेषा वाचा आणि तापमान सांगा. ताऱ्याच्या काखेत थर्मामीटर न लावता!

साहांचेच समीकरण वापरून १९२५ साली सिसिलिया पेन या तरुण मुलीने तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत असे दाखवले. तेव्हाच्या एका फार मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने हे अशक्य आहे असे सांगितल्यामुळे तिला आपल्याच प्रबंधात आपल्या निष्कर्षावर शंका नोंदवावी लागली. चार वर्षांनी त्याच शास्त्रज्ञाला तिचे म्हणणे मान्य करावे लागले. तक्ता थोरामोठ्यांचा असला तरी मोजून पाहावा लागतो, तो असा.

जाता जाता एवढे सांगायला हवे, की साहा नुसते ताऱ्यांतच रमले नाहीत. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीवर ते होते. पुढे दामोदर खोऱ्याच्या योजनेचे काम केंद्रात मजूर खात्याकडे, म्हणजे बाबासाहेबांकडे आले. १९५२ साली साहा अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेबही गेले. पण तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

भट्टी कशी पेटवायची?

तर लोखंडाला वीस लाख अंश तापवून त्याची अडवणूक मोजायची होती. अशी भट्टी आणायची कुठून? कोणतीही वीट, कोणतेही पोलाद त्या उष्णतेत टिकणार नाही. यावर उपाय एकच, की भट्टी टिकवायचीच नाही! एक सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच ती पेटवायची, तेवढ्यात मोजमाप उरकायचे आणि भट्टी उडून जाऊ द्यायची.

पहिली भट्टी विजेची होती. अमेरिकेत अल्बुकर्क येथील सँडिया प्रयोगशाळेत ‘झेड’ नावाचे यंत्र आहे. ते केसाहून बारीक टंग्स्टनच्या तारांमधून दोन कोटींहून अधिक अँपिअरचा प्रवाह सोडते. (आपल्या घरचा फ्यूज पाच-दहा अँपिअरला उडतो.) तारांचा प्लाझ्मा होतो, तो चेपला जातो आणि क्ष-किरणांचा लोट निघतो. २०१५ साली जिम बेली आणि सहकाऱ्यांनी या यंत्रावर १९ ते २३ लाख अंशांना तापलेल्या लोखंडाचे मोजमाप जाहीर केले. लोखंड प्रकाशाला तक्त्यापेक्षा जास्त अडवत होते. किती जास्त, ते क्ष-किरणांच्या तरंगलांबीवर अवलंबून होते. ३० टक्क्यांपासून ४०० टक्क्यांपर्यंत. सूर्याच्या गणितात जी तूट पडली होती तिच्यापैकी जवळपास निम्मी एवढ्याने भरून निघते.

मोठीच बातमी. पण विज्ञानात एकाच तराजूवर विश्वास ठेवून भागत नाही. गणित करणाऱ्यांनी आपली समीकरणे पुन्हा पुन्हा तपासली, त्यांना इतकी मोठी चूक सापडेना. मग प्रयोगात काही खोट असेल का? हे पाहायचे तर दुसरा तराजू हवा, म्हणजे अगदी वेगळ्या पद्धतीने पेटवलेली भट्टी. ती लेसरने पेटवली जाते.

लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच तालात चालणारा, न फाकणारा प्रकाश. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. आज डोळ्यांच्या ऑपरेशनपासून दुकानातल्या बिलाच्या यंत्रापर्यंत लेसर सगळीकडे आहे. पण कॅलिफोर्नियात लिव्हरमोर येथे जो लेसर आहे त्याचे घर तीन फुटबॉल मैदानांएवढे मोठे आहे. २००९ साली तो सुरू झाला. त्यात १९२ झोत आहेत. गुलाबी झाक असलेल्या खास काचेच्या हजारो लाद्यांतून जाता-येता झोत बळकट होत जातात, शेवटी स्फटिकांतून पार होताना त्यांचा अतिनील प्रकाश होतो आणि दहा मीटर व्यासाच्या एका गोल कोठीच्या मध्यावर सगळे एकत्र येतात. त्या मध्यावर काय असते? एक सोन्याची डबी. साधारण सेंटिमीटरभर उंचीची, पेन्सिलीवर मागे रबर असते ना, जवळपास तेवढीच.

डबीच्या दोन्ही टोकांना भोके असतात. झोत तेथून आत शिरून सोन्याच्या आतल्या भिंतीवर आदळतात. सोने तापून त्याचाच प्लाझ्मा होतो आणि डबी क्ष-किरणांनी गच्च भरते. वीटभट्टीच्या भोकातून आत पाहिले आहे कधी? विटा, राख, भिंत काही वेगळे दिसत नाही, सगळे सारखेच धगधगत असते. डबीच्या पोटात तशीच एकसारखी झळ तयार होते, तीस लाख अंशांपर्यंतची. या डबीला जर्मन शब्दावरून ‘होलराउम’ म्हणतात. अर्थ एवढाच, की पोकळ जागा.

फेसातून धावणारी झळ

लोखंडाकडे परत जाण्यापूर्वी याच डबीवर होणारा दुसरा एक प्रयोग पाहू. मला तो जास्त आवडतो, कारण त्यात झळ प्रत्यक्ष चालताना पकडतात.

न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर विद्यापीठाकडे ‘ओमेगा’ नावाचा लेसर आहे. ६० झोतांचा हा लेसर १९९५ पासून चालू आहे. तेथे सोन्याच्या डबीला मिलिमीटरच्या मापाची एक नळी जोडतात. नळीत वाळूच्याच द्रव्याचा, म्हणजे सिलिकाचा, घट्ट झालेला फेस भरतात. हा फेस पाण्यापेक्षा वीस-पंचवीस पट, कधी त्याहूनही कितीतरी हलका असतो. डबी पेटली की झळ नळीच्या एका टोकाने आत घुसते.

पण पुढे लगेच जाता येत नाही. घमेल्यांच्या रांगेतला प्रत्येक माणूस आधी रिकाम्या हातांचा असतो; त्याचे हात भरले तरच तो पुढच्याला देणार. तसे थंड फेसाला आधी तापवावे लागते, मग तो पुढच्या थराला झळ देतो. त्यामुळे झळीची एक आघाडी तयार होते. मागे धगधगते, पुढे थंडगार, आणि मध्ये तीव्र कड. ही आघाडी जशी पुढे जाते तशी थकत जाते. मागची भट्टी एकसारखी पेटती राहिली तरी दुप्पट अंतर कापायला सुमारे चौपट वेळ लागतो. या आघाडीला मार्शाक लाट म्हणतात. रॉबर्ट मार्शाक हे मिन्स्कहून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू आईवडिलांचे चिरंजीव. महायुद्धाच्या काळात त्यांनी लॉस अलामॉस येथे हा अभ्यास केला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध केला. पुढे अनेक वर्षे ते रॉचेस्टरलाच प्राध्यापक होते. आपले केरळचे ई. सी. जी. सुदर्शन हे त्यांचेच विद्यार्थी.

फेसच का, असा प्रश्न आमच्या चौकस विद्यार्थ्यांना पडेल. घट्ट पदार्थ घेतला तर तापल्याबरोबर तो फुगून उधळू लागतो आणि झळीचा हिशेब त्या धक्काबुक्कीत मिसळून जातो. फेस हलका, त्यामुळे झळ त्याच्यातून आवाजाच्या वेगापेक्षाही वेगाने धावते. पदार्थ हलायच्या आत ती निघून गेलेली असते. मग फक्त तिचीच चाल मोजता येते.

तरी घोटाळे असतातच. नळीची भिंत बरीच झळ पिऊन टाकते, म्हणून आघाडी सरळ न राहता वाकते. मध्यभाग पुढे, कडा मागे, नदीच्या प्रवाहासारखे. नळीच्या दुसऱ्या टोकाला अतिवेगवान क्ष-किरण कॅमेरा लावून झळ कुठे आधी उगवते आणि कुठे उशिरा, हे टिपतात.

आणि आतले तापमान? त्यासाठी फेसात थोडे टायटॅनियम मिसळतात. बाजूने दुसऱ्या एका लक्ष्यावर लेसर मारून क्ष-किरणांचा लख्ख उजेड करतात आणि तो नळीतून आरपार पाठवतात. टायटॅनियमचे जितके इलेक्ट्रॉन सुटलेले असतात त्याप्रमाणे त्या उजेडात काळ्या रेषा उमटतात. रेषा वाचा आणि तापमान सांगा. साहांनी १९२० साली ताऱ्यांसाठी सांगितलेली रीत शंभर वर्षांनी मिलिमीटरभर फेसात वापरली जाते आहे! दाट प्लाझ्मासाठी त्यांच्या समीकरणात बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागतात हे खरे, पण वाट तीच.

वीज, बॉम्ब आणि आपण

एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही विद्या बॉम्बच्या घरात वाढलेली आहे. हायड्रोजन बॉम्बमध्ये अणुस्फोटातून निघालेली झळच दुसऱ्या भागाला चेपते, म्हणून झळीच्या वाटचालीचे ज्ञान अनेक वर्षे गुप्त ठेवले गेले. अमेरिकेने सप्टेंबर १९९२ मध्ये शेवटची भूमिगत चाचणी केली. त्यानंतर साठवलेली अस्त्रे न फोडता त्यांची पारख कशी करायची, हा प्रश्न उभा राहिला. लिव्हरमोरचा अवाढव्य लेसर मुख्यतः त्यासाठी उभा केला गेला. १९९० च्या दशकात या विषयावरचा बराचसा पडदा उठला, म्हणून आज आपण हे वाचू-लिहू शकतो. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या लेसरचा वेळ मिळतो, पण यजमान कोण हे विसरू नये.

याच डबीने एक चांगले कामही केले आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी लिव्हरमोरला सोन्याच्या डबीत हायड्रोजनच्या जड भावंडांची मिरीच्या दाण्याएवढी गोळी ठेवली होती. डबीतल्या झळीने ती इतकी चेपली की सूर्यासारखी अणूंची जुळणी होऊन ऊर्जा निघाली. आपल्या विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर लेसरने डबीत साधारण अर्ध्या युनिटहून थोडी जास्त ऊर्जा टाकली आणि जवळपास पाऊण ते एक युनिटच्या दरम्यान बाहेर आली. प्रयोगशाळेत घातल्यापेक्षा जास्त मिळाल्याची ही पहिलीच वेळ. मात्र तो लेसर चालवायला विजेच्या तारांवरून ८० युनिटांच्या आसपास वीज घ्यावी लागली होती! तेव्हा घरोघर फुकट वीज येणार असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. झळ गोळीवर सगळ्या बाजूंनी सारखी पडली नाही तर गोळी वाकडीतिकडी चेपते आणि सगळे फुकट जाते. त्यामुळे या वाटेवरही झळीची चाल समजणे हीच पहिली पायरी आहे.

आपल्या देशातही तीव्र लेसरने प्लाझ्मा करण्याचे काम चालते. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात, आणि आपल्या मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तेथील लेसर लिव्हरमोरएवढे नाहीत; त्यांचा भर सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात संपणाऱ्या अतितीव्र झोतांवर आहे. बारावीला भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलामुलींनी ही नावे वहीत टिपून ठेवावीत.

आता लोखंड. लिव्हरमोरला सोन्याच्या डबीत लोखंड आणि मॅग्नेशियम यांच्या मिश्रणाचा एक पातळ थर ठेवतात. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा लेप असतो, म्हणजे थर एकदम उधळत नाही. काही झोत डबी तापवतात. उरलेले झोत जवळच ठेवलेल्या प्लास्टिकच्या पोकळ गोळीला चेपून क्षणभराचा झगमगाट करतात. तो उजेड तापलेल्या थरातून आरपार जातो. मॅग्नेशियमच्या रेषा तापमान सांगतात आणि लोखंडाने किती उजेड खाल्ला ते मोजले जाते. झेड यंत्राने जे सांगितले तेच लेसर सांगतो काय, हे पाहण्यासाठी हा खटाटोप.

प्रत्येक वेळी डबी, थर, गोळी सगळे नाहीसे होते. म्हणून प्रत्येक प्रयोगासाठी नवे लक्ष्य लागते. ते यंत्र एकट्याने बनवत नाही. सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून बसलेले कुशल कारागीर केसाहून बारीक भाग चिमट्याने उचलून जागेवर बसवतात आणि डिंकाच्या थेंबाने चिकटवतात. हात जरा हलला की सारी मेहनत वाया. लेसर पेटतो आणि ती मेहनत काही अब्जांश सेकंदांत उडून जाते. मग टेबलावर पुढची सोन्याची डबी येते, आणि तिच्यात लोखंडाचा नवा थर.